अरवली ओलांडून वाळवंटाकडे

नाताळच्या सुटींतील सहलीसाठीं आम्ही विद्यार्थ्यांस व पालकांस एक दीर्घ मार्ग सुचवितों. किल्लारीहून निघून धुळ्यावरून सातपुडा चढावा, खलघाटास नर्मदा ओलांडून माळव्यांत शिरावें आणि उदेपूर, राणकपूर, जोधपूर या वाटेनें जैसलमेर गांठावें. विमानानें जाणाऱ्यास वाळवंट दिसेल. पण तें कां झालें, हें उमगणार नाहीं. आपला सह्याद्रि समुद्रावरील मोसमी वाऱ्यांस आडवा उभा राहून पाऊस पाडवितो. अरवली त्याच वाऱ्यांस जवळजवळ समांतर पसरलेला, म्हणून ढग न अडतां निघून जातात. राणकपूरचा घाट उतरल्यावर हिरवळ विरळ होत जाते, तेव्हां भूगोलाचा हा पाठ डोळ्यांनीं वाचतां येतो.

परंतु केवळ सृष्टिशोभेसाठीं इतकें दूर जावें, असें आमचें म्हणणें नाहीं. २०१६ सालीं लातुरास मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें. जैसलमेरास आपल्या जिल्ह्याच्या एकतृतीयांशही पाऊस पडत नाहीं. तरी कालव्याचें पाणी येण्यापूर्वीं तेथील लोकांनीं गडीसर तलाव व घरोघरचीं टांकीं यांच्या बळावर शतकानुशतकें नगर नांदतें ठेविलें.

खर्च फार होईल, अशी शंका कोणी घेईल. ती रास्त आहे. म्हणून दोन वर्षें थोडें थोडें शिल्लक टाकावें. तोंवर मुलांनीं मार्गाचा नकाशा स्वहस्तें काढून प्रत्येक मुक्कामाचें पर्जन्यमान त्यावर लिहावें. तेथें गेल्यावर टांक्याचें मोजमाप वहींत उतरून घ्यावें, आणि परतल्यावर आपल्या शाळेच्या छपराचें पाणी कोठें वाहून जातें, तें पाहावें.