तोरूचे कागद

दिवाळीआधी घर आवरायला काढलं की पहिली गदा येते ती जुन्या कागदांवर. सासरी गेलेल्या मुलीच्या वह्या माळ्यावर पडून असतात, दारात रद्दीवाला तराजू घेऊन उभा असतो. अशा वेळी मला हटकून तोरू दत्त आठवते.

तोरूचा जन्म ४ मार्च १८५६ चा, कलकत्त्यातला. घर असं, की जो तो कवी. १८७० साली लंडनमध्ये ‘द दत्त फॅमिली अल्बम’ निघाला. त्यात तिचे वडील गोविनचंद्र, दोन काका आणि एक चुलतभाऊ यांच्या इंग्रजी कविता होत्या. (पुढे बडोद्याचे दिवाण झालेले रमेशचंद्र दत्त याच घराण्यातले.) घरातल्या एकाही बाईची कविता मात्र त्यात नव्हती.

तोरूचा भाऊ १८६५ मध्ये गेला. १८६९ मध्ये आईवडील दोन्ही मुलींना घेऊन युरोपला गेले. फ्रान्समध्ये मुली फ्रेंच शिकल्या, केंब्रिजमध्ये त्यांनी स्त्रियांसाठीची व्याख्यानं ऐकली. १८७३ मध्ये सारे परतले आणि पुढच्याच वर्षी थोरली अरू क्षयानं गेली.

तोरूच्या हयातीत तिचं एकच पुस्तक निघालं, १८७६ मध्ये भवानीपूरच्या छापखान्यातून. फ्रेंच कवितांची इंग्रजी भाषांतरं, त्यांतली काही अरूची. ना प्रस्तावना, ना देखणी छपाई. लंडनच्या एका साप्ताहिकाच्या कचेरीत ते एडमंड गॉस या समीक्षकाच्या हाती नाइलाजानंच आलं. त्यानं ते उघडलं आणि चकित होऊन त्याचं कौतुक केलं. जेमतेम वर्ष गेलं. ३० ऑगस्ट १८७७ रोजी क्षयानंच तोरूला नेलं. वय अवघं एकवीस.

तीन मुलं गमावलेला बाप मग लेकीचे कागद घेऊन बसला. त्यांत एक पूर्ण फ्रेंच कादंबरी निघाली! ‘बियांका’ नावाची अर्धवट इंग्रजी कादंबरीही होती. शेवटच्या दिवसांत बापलेक मिळून संस्कृत शिकत होते, त्यातून तिनं लिहिलेल्या सावित्री, ध्रुव, प्रल्हाद यांच्या इंग्रजी कथाकविता होत्या. गोविनचंद्रांनी काहीही पडू दिलं नाही. ‘बियांका’ १८७८ मध्ये ‘बेंगॉल मॅगझीन’मध्ये आली, फ्रेंच कादंबरी १८७९ मध्ये पॅरिसला छापली गेली, कथाकविता १८८२ मध्ये लंडनला. आज तोरूचं नाव घेतलं जातं ते मुख्यतः या शेवटच्या पुस्तकामुळं. त्या ओळखीच्या अक्षरातली पानं वाचताना त्या माणसाचं काय झालं असेल!

पण तोरू कशी होती, हे कवितांपेक्षा पत्रांतून जास्त कळतं. केंब्रिजची मैत्रीण मेरी मार्टिन हिला ती सतत लिहीत असे. बाग, मांजरं, घोडे, विलायतेहून मागवलेली पुस्तकं. तिथं मोकळं हिंडायची सवय झालेली, इथं बागेच्या कुंपणाबाहेर पडणं मुश्कील, ही खंतही त्यात आहे. एका पत्रात तिनं आपल्याच देशबांधवांना ‘नेटिव्ह’ म्हटलं. मेरीनं, एका इंग्रज मुलीनं, तिला टोकलं. तोरूनं ‘तुझं बरोबर आहे’ म्हणत चूक कबूल केली.

मेरीनं ही पत्रं चाळीसहून अधिक वर्षं जपून ठेवली होती. हरिहर दास या अभ्यासकानं विचारणा केली, तेव्हा तिनं ती त्यांच्या हवाली केली आणि १९२१ साली ती तोरूच्या चरित्रासह छापली गेली. मैत्रिणीचं शेवटचं पत्र येऊन तेव्हा चव्वेचाळीस वर्षं झाली होती.