घर भाड्याचे की मालकीचे? आधी दार तर उघडा!

घर भाड्याने घ्यावे की विकत, यावर वर्तमानपत्रांच्या अर्थविषयक पानांत सतत चर्चा चालते. एका बाजूला कर्जाचा हप्ता, दुसऱ्या बाजूला महिन्याचे भाडे. बेरीज-वजाबाकी केली की सल्ला तयार! पण या हिशेबात एक गोष्ट गृहीत धरलेली असते. पैसे मोजले की कुठलेही दार उघडते, असे हे पंडित मानतात. आपल्या समाजाचा अनुभव तसा आहे काय?

फोनवर घर रिकामे असते. भाडे ठरते, डिपॉझिट ठरते. मग मालक विचारतो, ‘आडनाव काय?’ आडनाव ऐकले की घर कालच दुसऱ्याला दिलेले असते! स्पर्धा परीक्षेसाठी पुण्यात येणाऱ्या आपल्या मुलामुलींना हे पाठ झाले आहे. ‘फक्त शाकाहारी कुटुंबासाठी’ या पाटीमागे काय दडले आहे, हे सांगायला पंचांगाची गरज नाही. डॉ. सुखदेव थोरात व त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरातील भाड्याच्या घरांचा अभ्यास 2015 मध्ये प्रसिद्ध केला. त्यातही हेच दिसले. सवर्ण नावाला जवळजवळ सगळीकडे होकार, दलित नावाला त्याहून खूप कमी आणि मुस्लिम नावाला सर्वांत कमी.

हा अपमान नवा नाही. 1917 मध्ये परदेशात शिकून आलेले बाबासाहेब बडोदा संस्थानात अधिकारी म्हणून रुजू झाले. खिशात पैसे होते, हुद्दा होता, पण राहायला खोली नव्हती. एका पारशी धर्मशाळेत ते राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. सरकारी बंगल्यासाठी केलेला अर्ज या अधिकाऱ्याकडून त्या अधिकाऱ्याकडे फिरत राहिला. शेवटी त्यांना मुंबईची गाडी धरावी लागली. मुंबईत मात्र परळच्या बी. आय. टी. चाळीत त्यांचे कुटुंब सुमारे दोन दशके राहिले. ही चाळ इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट या सार्वजनिक संस्थेची होती. वरळी, नायगावच्या बी. डी. डी. चाळींची मालकीही सरकारची होती आणि त्याच चाळींतून आपली चळवळ वाढली. खोल्या लहान होत्या, संडास सामाईक होते. तरीही डोक्यावर छप्पर मिळाले, मुले शिकली. म्हणजे प्रश्न केवळ भाड्याचा नाही. किल्ली कोणाच्या हातात आहे आणि ती देताना तो जात विचारतो की नाही, हा खरा प्रश्न आहे!

1947 च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी 1940 च्या पातळीवर गोठवली. मालकांनी डागडुजी सोडली, इमारती खचल्या, हे खरे. पण त्याच कायद्यामुळे गरीब भाडेकरूला लहर फिरली म्हणून रस्त्यावर काढता येत नव्हते. आज अकरा महिन्यांच्या ‘लिव्ह अँड लायसन्स’चा जमाना आहे. मुदत संपली की कारण न देता घर रिकामे करून घेता येते. 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानुसार करार लेखी व नोंदणीकृत करून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे. तसा करार नसेल तर, उलट सिद्ध होईपर्यंत, अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. किती भाडेकरूंना हे माहीत आहे?

‘मग स्वतःचे घर घ्या’ असे सांगणारे शहाणे खूप आहेत. नाक्यावरच्या मजुराला, कंत्राटी सफाई कामगाराला कोणती बँक वीस वर्षांचे कर्ज देते? आणि पैसे असले तरी सोसायटीचे दार आहेच. अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये सभासदत्व एका समाजापुरते ठेवणारी उपविधी वैध ठरवली. घटनेने अस्पृश्यता गाडली. तिने सोसायटीच्या उपविधीत बिऱ्हाड केले!

तरीही हातावर हात धरून बसण्याचे कारण नाही. 1955 च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याच्या कलम 4 नुसार अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणत्याही वस्तीत घर बांधण्यास, घेण्यास किंवा तेथे राहण्यास अटकाव करणे हा गुन्हा आहे. असे कृत्य अनुसूचित जातीच्या व्यक्तीबाबत घडले, तर ते अस्पृश्यतेपोटीच झाले असे न्यायालयाने गृहीत धरावे, असे कलम 12 सांगते. म्हणून नकार पचवू नका. संदेश जपून ठेवा, साक्षीदार ठेवा, तक्रार नोंदवा. सरकारनेही भाडे कायद्यात जात-धर्मावरून घर नाकारणाऱ्याला थेट शिक्षेची तरतूद करावी. महापालिका व म्हाडाने कष्टकऱ्यांसाठी आणि विद्यार्थ्यांसाठी भाड्याची सार्वजनिक घरे बांधावीत. सगळी घरे विकून मोकळे होणे हे कल्याणकारी राज्याचे काम नव्हे.

आता एक सवाल आपल्यातल्या फ्लॅटधारकांना. आरक्षणाच्या नोकरीमुळे दोन पैसे मिळाले, दुसरा फ्लॅट झाला, आपणही मालक झालो. मातंग, मेहतर किंवा मुस्लिम कुटुंब दारात आले, तर आपण काय विचारतो? भाडे किती देणार एवढेच, की आडनावही? भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर लावून दारातून माणूस परत पाठवणाऱ्याला बडोद्याच्या त्या जमावाला नावे ठेवण्याचा अधिकार उरत नाही!