एक माणूस, एक मूल्य आणि चांदणी चौक

26 ऑगस्ट 2022 च्या संध्याकाळी मुख्यमंत्री एकनाथ शिंदे साताऱ्याकडे निघाले होते आणि त्यांचा ताफा पुण्याच्या चांदणी चौकात अडकला. त्याआधी कितीतरी वर्षे तिथे हजारो माणसे रोज अडकत होती. मुळशीकडून येणारा दूधवाला, बावधनला धुणीभांडी करायला जाणारी बाई, कोथरूडला कामाला येणारा पोरगा. त्यांच्या अडकण्याची बातमी होत नव्हती. मुख्यमंत्र्यांची झाली. आणि मग काय चक्रे फिरली! 2 ऑक्टोबरला, म्हणजे सव्वा महिन्यात, मध्यरात्रीनंतर सहाशे किलो स्फोटके लावून जुना पूल उडवण्यात आला. (तोही नीट पडला नाही, उरलेला भाग यंत्रांनी तोडावा लागला, ही गंमत वेगळीच.)

मित्रहो, या प्रकल्पाचे भूमिपूजन 2017 च्या ऑगस्टमध्येच झाले होते. पाच वर्षे जे अडले होते ते एका ताफ्याने सुटले. कोणाच्या वेळेला किंमत आहे आणि कोणाच्या नाही, याचा याहून स्पष्ट पुरावा कुठला हवा?

पण माझा मुद्दा मुख्यमंत्र्यांच्या ताफ्याचा नाही. तो पुढचा आहे. 12 ऑगस्ट 2023 ला सुमारे 865 कोटी रुपयांच्या नव्या चांदणी चौकाचे उद्घाटन झाले. आठ रॅम्प, सतरा किलोमीटरच्या आसपास रस्ते. ड्रोनने काढलेले फोटो सगळ्यांनी पाहिले, व्हॉट्सअॅपवर फिरवले. त्या फोटोत एक गोष्ट नव्हती, ती म्हणजे पायी चालणारा माणूस. बसमधून उतरलेल्याने मुंबई-बंगळूर महामार्ग ओलांडून पलीकडच्या थांब्यावर कसे जायचे, याचे उत्तर त्या आठ रॅम्पमध्ये कुठेच नव्हते. लोक दुभाजकावर चढून, भरधाव गाड्यांमधून वाट काढत पलीकडे जाऊ लागले. मग ओरड झाली आणि मग पादचारी पुलाची चर्चा सुरू झाली. आधी 865 कोटी, मग आठवण!

ही एखाद्या इंजिनिअरची चूक आहे असे समजून सोडून देणाऱ्यांना मला एक शब्द सांगायचा आहे. तो आहे पीसीयू, म्हणजे पॅसेंजर कार युनिट. चौक किंवा उड्डाणपूल किती रहदारी पेलेल हे ठरवताना आपल्याकडे इंडियन रोड्स काँग्रेसची जी कोष्टके वापरतात, त्यांचे माप कार आहे. कार म्हणजे एक. सायकल साधारण अर्धी. बस सुमारे तीन. आता हिशेब करा. साठ माणसे भरलेली पीएमपीची बस म्हणजे तीन कार. आणि त्या तीन कारमध्ये मिळून माणसे किती? चार, फार तर पाच. म्हणजे कोष्टकाच्या दृष्टीने साठ बसप्रवासी आणि पाच कारवाले सारखेच! आणि जो पायी चालतो त्याला तर या मापात आकडाच नाही.

बाबासाहेबांनी 25 नोव्हेंबर 1949 ला संविधान सभेत इशारा दिला होता की राजकारणात आपण एक माणूस, एक मत, एक मूल्य मान्य करू, पण सामाजिक आणि आर्थिक जीवनात ते नाकारत राहू. हे आपण भाषणात नेहमी सांगतो. चौकाच्या नकाशात मात्र ते शोधत नाही. तिथे माणसाचे मूल्य त्याच्या बुडाखालच्या वाहनावरून ठरते.

आणि गंमत अशी की ज्यांच्यासाठी हे सगळे चालले आहे त्यांचीही कोंडी सुटत नाही. कर्वे रस्त्यावर नळ स्टॉपचा दुमजली पूल 2022 मध्ये खुला झाला. गाडी वरून सुसाट जाते आणि पूल जिथे उतरतो तिथे खालच्या गाड्यांच्या गर्दीत येऊन थांबते. कोंडी संपली नाही, तिने जागा बदलली. शिवाय रस्ता मोकळा दिसला की जो कालपर्यंत बसने जात होता तो गाडी काढतो, आणि दोन-तीन वर्षांत पूल पुन्हा भरतो. विद्यापीठ चौकातले पूल तर पंधराएक वर्षांतच, 2020 च्या टाळेबंदीत, पाडून टाकले, कारण मेट्रोशी त्यांचा मेळ बसेना. बांधायला पैसा, पाडायला पैसा, पुन्हा दुमजली बांधायला पैसा. ज्या सावित्रीबाई शेणगोळे झेलत पायी शाळेत गेल्या, त्यांच्या नावाच्या विद्यापीठासमोर आज विद्यार्थिनीला रस्ता ओलांडायचा तर जीव मुठीत धरावा लागतो.

आता कोणी म्हणेल, आपल्याही पोरांनी गाड्या घेतल्या, त्यांनी पायीच चालायचे का? मुळीच नाही. घ्यावी गाडी, अभिमानाने घ्यावी. पण वस्तीतल्या किती जणांनी ती हौसेने घेतली आणि किती जणांनी बस वेळेवर येत नाही म्हणून हप्त्यावर घेतली, हे एकदा विचारा. ती सक्ती आहे, प्रगती म्हणून तिचे कौतुक कशाला?

सरकारचा कल बघा. 2024 च्या ऑक्टोबरमध्ये, निवडणुकीच्या तोंडावर, मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर कारचा टोल माफ झाला. 2025 च्या मे महिन्यात बेस्टचे किमान भाडे पाचाचे दहा झाले आणि जूनमध्ये पीएमपीचेही पाचाचे दहा. कारवाल्याला माफी, बसवाल्याला दुप्पट! पुण्यात 2006 मध्ये देशात आधी बीआरटी आणली. नगर रस्त्यावरची बीआरटी 2023 मध्ये उखडली, कारण तिने गाड्यांना अडचण होते म्हणे. केंद्राचे 2006 चे शहरी वाहतूक धोरण मात्र सांगते की वाहने नव्हे, माणसे हलवण्याचा विचार करा. धोरण कागदावर, पूल आकाशात.

दक्षिण अमेरिकेतले बोगोटा काही श्रीमंत शहर नव्हे. तिथे 2000 साली मोठ्या रस्त्यांच्या मधोमध बससाठी वेगळ्या मार्गिका काढून ट्रान्समिलेनिओ सुरू केली. तिथेही आज गर्दी आहे, तक्रारी आहेत. पण रस्त्याच्या मधली जागा आधी कोणाला द्यायची, हे तरी त्यांनी ठरवले.

1924 मध्ये त्रावणकोरात वैकोमला सत्याग्रह झाला तो मंदिरप्रवेशासाठी नव्हता, मंदिराभोवतीच्या सार्वजनिक रस्त्यांवरून चालण्यासाठी होता. तिथे पाटी लावून माणसांना अडवले होते. आज पाटी नाही, जात विचारत कोणी नाही. पण चांदणी चौकात संध्याकाळी सात वाजता दुभाजकापाशी डोक्यावर गाठोडे घेऊन उभी असलेली माणसे कोणत्या वस्त्यांतून येतात, हे एकदा जाऊन बघाच.

आणि तुमच्या भागात पुढच्या उड्डाणपुलाचा फलक लागला की नगरसेवकाकडे लेखी मागा, माहिती अधिकारात मागा: या चौकातून तासाला किती माणसे जातात याची मोजणी झाली का, आणि बसमधून उतरलेली बाई किती मिनिटांत पलीकडे पोहोचेल? उत्तर आले तर मला कळवा, इथेच छापतो.