नाव एक, माल दोन

एकाच नावाने दोन निरनिराळे जिन्नस विकायचे, एक थोडा स्वस्त आणि दुसरा थोडा महाग, आणि दोहोंतला फरक ज्याला कळेल त्याला कळो म्हणून सोडून द्यायचे, हा व्यापार काही आजचा नाही. ज्यांनी पेठेत जाऊन आयुष्यात एकदा तरी ‘आंबेमोहोर’ विकत घेतला आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको. पण तांदळाचे एक बरे असते. तो शिजवला की त्याच दिवशी दुपारी खरेखोटे कळते. ग्राफिक्स कार्डाचे खरेखोटे कळायला दीड-दोन वर्षे जातात आणि तोवर परत करण्याची मुदत कधीच उलटून गेलेली असते.

घरात पंधरा ते पंचविशीतले कुणी असेल तर हे नाव तुमच्या कानावरून गेलेच असेल. ज्यांच्या गेले नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. संगणकाच्या साध्या पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात, म्हणजे वीस लाखांहून जास्त. चित्र हलते दिसायचे तर हे सगळे ठिपके सेकंदाला साठ वेळा नव्याने रंगवावे लागतात. पत्र लिहायला, हिशेब करायला संगणकाच्या अंगची रंगवण्याची सोय पुरते. आजच्या खेळांत मात्र घोड्याच्या आयाळीवरचे ऊन आणि डबक्यातले ढगाचे प्रतिबिंब हेही त्या साठाव्या भागात हिशेब करून काढायचे असते. त्यासाठी वेगळी चिप आणि वेगळी मेमरी असलेले कार्ड बसवतात, आणि आजकाल पुष्कळदा संगणकातली सर्वांत महाग वस्तू तीच असते.

माझा नातू सतरा वर्षांचा आहे. त्याच्या संगणकात २०१९ साली बसवलेले जीटीएक्स १६५० हे कार्ड आहे, चार जीबी मेमरीचे. शनिवारी रात्री मित्रांबरोबर तो ‘व्हॅलोरंट’ खेळतो, त्याला ते अजून पुरते. पण डिसेंबर २०२४ मध्ये ‘इंडियाना जोन्स’चा जो खेळ आला त्याने किमान अटींतच आठ जीबी मेमरी मागितली, शिवाय ‘रे ट्रेसिंग’ म्हणजे प्रकाशकिरणांचा मार्ग मोजण्याची सोय मागितली. जुन्या कार्डात ती सोय नाहीच. एका क्लासचे व्हिडिओ वर्षभर संकलित करून देऊन त्याने बावीस हजार रुपये साठवले होते. उरलेले घरातून हवे होते. जावई म्हणाले, ‘खेळायला चाळीस हजार?’ आणि प्रकरण माझ्याकडे आले, कारण कर्जाचे अर्ज तपासण्यात जन्म घालवलेली घरात मी एकटीच.

‘खेळायला’ या शब्दावर मी काही बोलले नाही. बँकेत नोकरी करून रात्री कादंबऱ्या लिहिणाऱ्या बाईने दुसऱ्याच्या वेळेच्या उधळपट्टीवर न बोललेले बरे. मी त्याला एवढेच म्हटले, की दोन कोटेशने आण आणि दोहोंतला फरक मला समजावून सांग.

त्याने जे आणले ते पाहून मी चाट पडले. एनव्हिडिया कंपनीचे आरटीएक्स ५०६० टीआय हे कार्ड एप्रिल २०२५ मध्ये आले, तेच मुळी दोन प्रकारांत: आठ जीबीचे जाहीर किंमत ३७९ डॉलर, सोळा जीबीचे ४२९. एएमडी या प्रतिस्पर्धी कंपनीचे आरएक्स ९०६० एक्सटी जून २०२५ मध्ये आले, तेही आठ जीबीचे २९९ डॉलरला आणि सोळा जीबीचे ३४९ ला. नाव तेच, खोकेही जवळपास तसेच, फरक पन्नास डॉलरचा.

मेमरीच्या या फरकाने होते काय, हे मला कॅश काउंटरवरून समजले. रोखपालाच्या खणात दिवसाला पुरेल एवढी रक्कम सकाळीच ठेवलेली असते. ती पुरली तर हुशार रोखपाल आणि साधा रोखपाल यांच्यात फरक फक्त हाताच्या वेगाचा. पण एखाद्या पगाराच्या दिवशी खण अकरा वाजताच रिकामा झाला, की स्ट्राँगरूम उघडावी लागे. तिच्या किल्ल्या दोन, दोन अधिकाऱ्यांकडे, आणि त्यांतला एक नेमका चहाला गेलेला. मग जगातला सर्वांत चपळ रोखपालही हातावर हात ठेवून बसे आणि रांग दारापर्यंत जाई. कार्डावरची मेमरी म्हणजे हा खण. भिंतीच्या विटा, कापडाचा पोत, माणसांचे चेहरे यांची चित्रे त्यात ठेवलेली असतात. खण भरला की ती संगणकाच्या मुख्य मेमरीतून मागवावी लागतात, आणि चालता घोडा पाय उचललेल्या अवस्थेत क्षणभर थिजतो. कधी समोरची भिंत शाडूने लिंपल्यासारखी सपाट दिसते. चिप तितकीच चपळ असते, पण तिच्या हाती काही नसते.

म्हणजे आठ जीबीचे कार्ड वाईट का? मुळीच नाही. नातू आज खेळतो तेवढेच खेळ तो पुढे खेळणार असता तर मी त्याला पन्नास डॉलर वाचवायलाच सांगितले असते. माझे भांडण वस्तूशी नाही, नावाशी आहे.

ही नावाची खोड जुनी आहे. २०१६ साली जीटीएक्स १०६० आले ते सहा जीबीचे. मागोमाग तीन जीबीचे आले आणि त्यात नुसती मेमरीच कमी नव्हती, आत गणित करणारे कप्पे १२८० चे ११५२ केलेले होते. २०२१ चे आरटीएक्स ३०६० बारा जीबीचे होते. २०२२ च्या अखेरीस त्याच नावाचे आठ जीबीचे निघाले, त्यात मेमरीकडे जाणारा रस्ताही अरुंद केलेला. सप्टेंबर २०२२ मध्ये तर एनव्हिडियाने आरटीएक्स ४०८० या एकाच नावाखाली दोन वेगळ्या चिपांची कार्डे जाहीर केली. यावर एवढा ओरडा झाला की ऑक्टोबरमध्ये कंपनीने त्यांतले लहान कार्ड मागे घेतले आणि नावाने घोटाळा होतो हे स्वतःच मान्य केले. तेच कार्ड जानेवारी २०२३ मध्ये ४०७० टीआय म्हणून आले, आणि नाव उतरले तशी किंमतही ८९९ डॉलरवरून ७९९ वर उतरली. शंभर डॉलर नुसत्या नावाचे होते, असे मी म्हटले तर कुणाला राग येऊ नये.

कंपन्यांची बाजूही ऐकून घेऊ. एएमडीच्या एका अधिकाऱ्याने मे २०२५ मध्ये जाहीरपणे मांडले की बहुसंख्य खेळाडू साध्या १०८० च्या पडद्यावर खेळतात आणि त्यांना आठ जीबी पुरते. असेल. मग त्या पुरणाऱ्या वस्तूला तिचे स्वतःचे नाव द्यायला काय हरकत आहे? खोक्यावर मेमरीचा आकडा असतो, हे खरे. पण जाहिरात नावाची होते, परीक्षणे नावाने लक्षात राहतात, आणि आईबाप दुकानात जातात ते कागदावर नाव लिहून घेऊन. आपल्याकडे गोडेतेलाच्या पिशवीवरचे वजन केवढ्या उंचीच्या अंकांत छापायचे हेसुद्धा वेष्टनाच्या २०११ च्या नियमांत ठरवून दिलेले आहे. चाळीस हजारांच्या वस्तूला एवढी शिस्त लागू करायला कुणाची ना असू नये.

आणखी एक आकडा फसवा असतो, आणि तो मला चांगलाच ओळखीचा वाटला. जानेवारी २०२५ मध्ये लास व्हेगासच्या प्रदर्शनात एनव्हिडियाच्या प्रमुखांनी सांगितले, की त्यांचे ५४९ डॉलरचे ५०७० हे कार्ड आधीच्या पिढीतल्या १५९९ डॉलरच्या ४०९० च्या तोडीचे आहे. हे साधते कसे? खरोखर रंगवलेल्या दोन चित्रांच्या मध्ये यंत्र अंदाजाने तीन चित्रे स्वतः भरते आणि सेकंदाची संख्या फुगते. ज्यांनी बँकेत ३१ मार्चची संध्याकाळ पाहिली आहे त्यांना हे लगेच कळेल. त्या संध्याकाळी शाखेच्या ठेवी अशा काही वाढत, की वाटावे गावात सोन्याची खाण लागली. ५ एप्रिलला त्या निघून जात. अंदाजाच्या चित्रांनी डोळ्याला सुख होते हे नातवाने मला दाखवले आणि मला ते पटलेही; पण बटण दाबल्यावर हात हलायला लागणारा वेळ त्याने कमी होत नाही. शिवाय ही भरलेली चित्रेही त्याच खणात जागा मागतात.

राहता राहिले घरचे यंत्र. अर्जदाराची ऐपत पाहावी तशी संगणकाचीही पाहावी लागते, आणि इथेच निर्णय झाला. नातवाचा मदरबोर्ड जुन्या पिढीचा. त्याच्या खाचेतून कार्डाकडे जाणारा रस्ता आजच्या मानाने मंद. ५०६० टीआय त्या रस्त्याच्या आठच मार्गिका वापरते, ९०६० एक्सटी सोळा. नव्या मदरबोर्डावर याने फारसे बिघडत नाही; जुन्यावर, त्यातून आठ जीबीचा खण भरला तर, चांगलेच बिघडते. इंटेलचे आर्क बी५८० हे बारा जीबीचे कार्ड डिसेंबर २०२४ मध्ये अवघ्या २४९ डॉलरला आले होते, पण जुन्या प्रोसेसरबरोबर ते मागे पडते, म्हणून मोह आवरला. विजेचेही पाहिले. जुने कार्ड ७५ वॉटवर चालायचे, नवे १६० मागते. पॉवर सप्लाय चांगल्या प्रतीचा निघाला म्हणून तो खर्च वाचला. कुणा खाणकाम केलेल्याचे जुने कार्ड घेण्याचा विषय मी निघू दिला नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमची खाण बंद झाल्यावर अशी कार्डे बाजारात खूप आली. ती किती तास तापली हे विचारायला त्यांना पासबुक नसते.

जावयांचा प्रश्न उरलाच होता. मी त्यांना घसारा दाखवला. प्राप्तिकराच्या नियमांत संगणकाचा घसारा वर्षाला ६० टक्के असे, तो पुढे ४० वर आणला. वस्तू झरझर उतरते हे सरकारलाही मान्य. म्हणून हप्त्यांवर घ्यायचे नाही. हप्ता संपेपर्यंत वस्तूच संपत आलेली असते. मुलाने बावीस घालावेत, उरलेले आपण द्यावेत, आणि पाच वर्षे पुन्हा मागू नये. पाच वर्षे हा शब्द आला की सोळा जीबीचे वरचे चार-पाच हजार आपोआप मंजूर होतात. २०२५ च्या अखेरीस मेमरी चिपांचे भाव कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांपायी चढू लागले होते, तेव्हा थांबून स्वस्त मिळेल या आशेतही दम नव्हता.

ग्रँट रोडला उतरून आम्ही लॅमिंग्टन रोडला गेलो. दुकानदाराने न विचारताच एक खोके पुढे केले. मी म्हटले, ‘कितीचं?’ त्याने किंमत सांगितली. ‘किंमत नाही, मेमरी.’ तो नातवाकडे बघून हसला आणि म्हणाला, ‘आजी, दोन्ही सेमच असतात.’ नातवाने खोके फिरवून आठचा आकडा दाखवला आणि सोळाचे काढायला लावले. बिल आले त्यावर कार्डाचे नाव तेवढे होते. मी ते परत केले. १८ टक्के जीएसटी घेता तर मालाचे वर्णनही पुरते लिहा, म्हटले. दुकानदार कुरकुरला, पण त्याने ‘१६ जीबी’ आणि खोक्यावरचा अनुक्रमांक पेनाने लिहून वर सही-शिक्का मारला. मग नातवाने पैसे मोजले.