तंबूवरचा आकडा आणि वळिवाचा पाऊस

मावळातील पवना जलाशयाचा काठ असो वा अकोले तालुक्यातील भंडारदरा, तंबूतील मुक्काम हा आता शहरी कुटुंबांच्या सहलीचा परिचित भाग झाला आहे. काजव्यांचा हंगाम मेअखेर ते जून, म्हणजे नेमका वळिवाच्या दिवसांत येतो. तेव्हा तंबूची निवड ही केवळ हौसेची बाब राहत नाही.

'४ माणसांच्या' तंबूत चौघे जण जेमतेम खांद्याला खांदा लावून झोपतात; सामानाला जागा उरत नाही. चौघांच्या कुटुंबाने ६ जणांचा तंबू निवडणेच श्रेयस्कर. दुसरा आकडा जलरोधकतेचा. पाणी झिरपण्यापूर्वी कापड किती मिलिमीटर उंचीच्या जलस्तंभाचा दाब सोसते, हे तो सांगतो. १,५०० मिलिमीटर साध्या सरींना पुरतात; सह्याद्रीतील पावसासाठी ३,००० असलेले बरे. अंगाखाली दाबल्या जाणाऱ्या तळाला त्याहून अधिक हवेत. शिवणींवर जलरोधक पट्टी नसेल, तर हे सारे आकडे व्यर्थ.

मात्र कितीही उत्तम तंबू विजेपासून संरक्षण देत नाही. बंद तंबूत पेटवलेली शेगडी तर कार्बन मोनॉक्साइडमुळे जीवघेणी ठरते. म्हणूनच तंबू भाड्याने देणाऱ्यांनी हे आकडे आणि वादळात आसऱ्याला जवळ पक्की इमारत आहे की नाही, हे आधीच जाहीर करावे, ही अपेक्षा अवाजवी नाही. तोवर आरक्षणापूर्वी हे प्रश्न विचारण्याची जबाबदारी पालकांचीच आहे.