तो तास समोरच्याचा



मागच्या महिन्यात लष्करातल्या आमच्या घराच्या गच्चीवर मावसबहिणीनं मला विचारलं, "दादा, मला एडीएचडी आहे, मी समलैंगिक आहे. घरात हे फक्त तुला ठाऊक. मीच अशी, तर लोकांना काय समजावणार?" ती मानसशास्त्रात एम.ए. झाली आहे आणि आता समुपदेशनाचं काम शिकते आहे.

मी बी.ई. झालेला माणूस, दिवसभर कोडमधले बग शोधतो. सवयीनं उपाय सुचवायला लागलो आणि मध्येच थांबलो. दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतंच. उलट आठवलं, की 'धांदरट' म्हणून लहानपणी तिला हसणाऱ्यांत मीही होतो.

मग आम्ही दोघांनी थोडी शोधाशोध केली. पुण्याचे बिंदुमाधव खिरे माझ्याच क्षेत्रातले, संगणक अभियंता. अमेरिकेतून परतून त्यांनी २००२ मध्ये समपथिक ट्रस्ट सुरू केला. आपण समलैंगिक आहोत हे उघडपणे सांगत त्यांनी हेल्पलाइन चालवली, मराठीत पुस्तकं लिहिली. मुंबईची मारीवाला हेल्थ इनिशिएटिव्ह ही संस्था २०१९ पासून समुपदेशकांना क्वीअर व्यक्तींसोबत कसं काम करावं ते शिकवते, आणि तो अभ्यासक्रम घडवणारे समुपदेशक स्वतः क्वीअर आहेत. बहीण ज्याला आपली उणीव समजत होती, तोच तिथे अनुभव म्हणून कामी येतो.

कायदाही बदलला आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार उपचार देताना लैंगिक कलावरून भेदभाव करता येत नाही. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयानं प्रौढांमधले संमतीचे समलैंगिक संबंध गुन्ह्यातून वगळले. समलैंगिकता हा आजार नाही, हे मनोविकारतज्ज्ञांच्या देशपातळीवरच्या संघटनेनंही त्याच वर्षी सांगितलं.

एडीएचडीचं काय? त्याची सोय तिनं स्वतःच लावली आहे. दोन भेटींमध्ये अर्धा तास मोकळा ठेवते, टिपणं लगेच लिहून काढते, वेळेसाठी गजर लावते. आपल्याबद्दल समोरच्याला किती सांगायचं, याचाही तिचा नियम आहे: त्याच्या उपयोगाचं असेल तेवढंच. "तो तास त्याचा असतो, दादा, माझा नाही."

मंडळी, आपल्या घरांत 'लोक काय म्हणतील' हे वाक्य पाणी भरण्याइतकं रोजचं. पण जिला स्वतःला लपवून जगण्याचा शीण ठाऊक आहे, तिच्यासमोर आपलं एखादं मूल मन मोकळं करू शकेल, असं मला वाटतं.

हा लेख आधी तिला वाचून दाखवला. "छापू दे," म्हणाली. नाव घालू का, विचारलं. थोडा वेळ गप्प राहिली.

"आत्ता नको. आधी आईला मी सांगते."