चाक चकचकीत, धूळ कुठे?

तिकोणागडाखाली आमच्या पेठेत रविवारी मोटारींची रांग लागते. हौशी मंडळी म्हणतात, सिरॅमिक ब्रेक पॅड लावा, चाके काळी पडत नाहीत! खरे आहे. त्यांची भुकटी फिकट असते, चाकाला कमी चिकटते. पण न दिसणे म्हणजे नसणे नव्हे. पॅड झिजणार, लोखंडी डिस्कही झिजणार. ती बारीक धूळ आमच्या भातखाचरात आणि छातीत जाणार. युरोपने २०२४च्या ‘युरो ७’ नियमांत पेट्रोल-डिझेल मोटारींच्या ब्रेकधुळीला किलोमीटरमागे ७ मिलिग्रॅमची मर्यादा घातली. आपण मात्र चाकाची चमक मोजतो! अहो, पॅड निवडायचे ते गाडी नीट थांबावी म्हणून. आणि घाट उतरताना खालचा गिअर टाका. ब्रेक कमी तापतील, धूळही कमी उडेल. तेही फुकटात.